सासूबाईंची सातची लेक

माझ्या हातांवर माझा फार विश्वास! पार्लर चालवते मी. साठीची बाई आत येते आणि चाळिशीची होऊन बाहेर पडते, असा माझा लौकिक. म्हणून वन्सं रडायला लागल्या तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, बसा खुर्चीत, आत्ता तुम्हाला तुमच्या आईची मुलगी करून देते.

वन्सं म्हणजे माझी नणंद. रोज संध्याकाळी सातला टीव्हीवरच्या मालिकेत दिसतात, सगळ्यांना छळणारी श्रीमंत मालकीण! कानात हिरे, लांबलचक पापण्या, नजर अशी की समोरच्याचा घास घशात अडकावा. आणि घरी? जाड चष्मा, चापून तेल घातलेले केस, कोपरात विरलेला गाऊन. भाजीवालासुद्धा मावशी म्हणतो.

सासूबाईंना हल्ली माणसं आठवत नाहीत. पण सात वाजले की टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावरच्या लेकीशी बोलतात. जेवलीस का, असं विचारतात, थांबतात, मान हलवतात. एकदा मी दारात उभी होते. त्या थांबल्या आणि उत्तर ऐकल्यासारख्या खुदकन हसल्या. माझ्या अंगावर काटाच आला.

आणि आता खरी लेक सुट्टी काढून आली, तर तिलाच विचारतात, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

तर बसवलं वन्संना. खोटी पापणी अशी घट्ट चिकटली की डावा डोळाच उघडेना! तो सोडवताना अर्धी भुवई गेली. नवी काढली ती कपाळावर चढली, म्हणून जोडीला दुसरीही चढवली. आता मी जन्मभर दचकलेलीच दिसणार, असं वन्सं म्हणाल्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

शेवटी ओठ रंगवले आणि हसू विरलं. आरशात ती सातची बाई बसली होती. तिनं सावकाश हनुवटी उचलली. मी म्हटलं, वन्सं, असं नका ना करू. त्या म्हणाल्या, मी कुठे काय केलं? मला माझ्याच कामाची भीती वाटली.

टीव्ही बंद ठेवून आम्ही सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्यांचा चेहरा असा उजळला! लेकीला जवळ ओढून त्यांनी गालावरून हात फिरवला. वन्संना रडू आवरेना. मी आपली मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग सासूबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती चष्मेवाली गेली का गं? घरभर फिरते. तुझाच आवाज काढते, मला आई म्हणते. फार भीती वाटते मला तिची."

वन्संनी गालावरचा तो हात घट्ट धरला.

"गेली, आई," त्या म्हणाल्या. "आता नाही यायची."

बाहेर आल्यावर मी मेकअप पुसायला कापूस पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"वहिनी, हे किती टिकतं हो?"

मी मेली! गिऱ्हाइकाला सांगते तेच तोंडातून निघून गेलं.

"रडला नाहीत, तर सकाळपर्यंत."