कल्याणी खैरमोडेची उंची

कडेगव्हाणच्या हायस्कूलमध्ये सातवी ब मध्ये शिकणारी कल्याणी खैरमोडे नोव्हेंबरात वारली, आणि त्यानंतरही तिची उंची दर महिन्याला अर्धा सेंटिमीटरने वाढत राहिली.

हे पहिल्यांदा लक्षात आलं गणिताच्या थोरवे सरांच्या, कारण आलेख त्यांनीच लावले होते. सर पन्नाशीचे होते, एकटे राहायचे आणि पुस्तकातली उदाहरणं त्यांना बेचव वाटायची. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की मुलांना बिंदू मांडायला शिकवायचे ते त्यांच्याच उंचीवरून. दाराजवळच्या भिंतीवर त्यांनी रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पटाच्या क्रमाने एकेकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, सरांनी फळ्याचा मोठा लाकडी गुण्या भिंतीला टेकवून डोक्यापर्यंत खाली आणायचा, आणि आकडा मुलाने आपल्या आलेख कागदावर मांडायचा. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर उंची. चौतीस मुलांचे चौतीस कागद मागच्या भिंतीवर टाचलेले होते.

मुलं काही सरळ रेषेत वाढत नाहीत. कुणी दोन महिने जागचं हलत नव्हतं, कुणी दिवाळीच्या सुट्टीतून एकदम दीड सेंटिमीटर घेऊन आलं. सरांना ते माहीत होतं. पण कल्याणीचे बिंदू बघून ते चष्मा पुसायला लागले. जूनमध्ये एकशे अडतीस. जुलैत साडेअडतीस. मग एकोणचाळीस, साडेएकोणचाळीस, चाळीस. पट्टी लावली तर एकही बिंदू केसभर इकडेतिकडे नव्हता.

"सव्वीस वर्षांत असं पोर मिळालं नव्हतं," ते वर्गात म्हणाले. "उठ गं कल्याणी. सगळ्यांनी बघा हिच्याकडे. य बरोबर क्ष भागिले दोन, अधिक एकशे अडतीस."

कल्याणी लाजून वहीत तोंड घालून बसली. सरांनी स्वतः लाल पेन्सिलीने तिच्या बिंदूंमधून रेषा काढली, आणि रेषेला द्यावे लागतात तसे दोन्ही टोकांना बाण दिले. नोव्हेंबरचा बिंदूही त्याच रेषेवर पडला. त्या आठवड्यात तिला ताप आला, तिसऱ्या दिवशी तालुक्याला हलवलं, आणि चौथ्या दिवशी ती गेली.

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी सर उंची मोजायला उभे राहिले. त्यांना मोजायचं नव्हतं, पण मुलं आपणहून रांगेत आली होती. सोळा नंबर झाला. अठरा नंबरची रुकसाना मुल्ला पुढे येईना.

"चल, रुकसाना."

"सर, आधी कल्याणीचं व्हायचंय," ती म्हणाली.

तिला काही समजावून सांगण्यापेक्षा सरांनी रिकाम्या भिंतीला गुण्या लावला आणि खाली आणला. तो एकशे एक्केचाळीसवर अडला. त्यांनी जरा जोर लावला, आणि लगेच काढून घेतला, कारण आपण कुणाचं तरी डोकं दाबतोय असं त्यांना वाटलं. भिंतीशी कुणी नव्हतं. उंची होती, बाकी कल्याणी नव्हती.

"किती, सर?" रुकसानाने विचारलं.

"एकशे एक्केचाळीस."

रुकसानाने मागच्या भिंतीकडे जाऊन कल्याणीच्या कागदावर बिंदू दिला. तो रेषेवर पडला. मग ती येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मुख्याध्यापिका पाटणे बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की विद्यार्थिनीचं नाव पटावरून कमी केलं आहे, मात्र तिची उंची वर्गात हजर असते, तरी योग्य मार्गदर्शन व्हावं. सात आठवड्यांनी उत्तर आलं. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, केवळ उंचीस पटावर घेता येणार नाही. तसेच गणवेश व पोषण आहाराचा लाभ अनुज्ञेय नाही. तथापि मोजमाप सुरू ठेवण्यास या कार्यालयाची हरकत नाही." पाटणे बाईंनी ते पत्र फाइलला लावलं आणि सरांना म्हणाल्या, "हरकत नाही म्हणतात. मग चालू ठेवा."

कल्याणीच्या आईला सांगायचं की नाही, यावर सरांनी आठ दिवस काढले. आई, शोभाताई, गावातल्या अंगणवाडीत सेविका होत्या. लहान पोरांची वजनं घेऊन कार्डावर मांडणं हे त्यांचं रोजचं काम. सरांनी कागद पुढे ठेवला तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्यांनी कागद उजेडाकडे धरून बिंदू मोजले.

"आमच्याकडे रेषा खाली वळली की आम्ही त्या पोराच्या घरी जातो," त्या म्हणाल्या. "आडवी झाली तरी जातो. ही तर चांगली वर चाललीये."

"हो."

"मग मी येत जाऊ का? सोमवारी?"

त्या दिवसापासून शोभाताई दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येऊ लागल्या. सर गुण्या त्यांच्या हातात द्यायचे. त्या तो अगदी हळू खाली आणायच्या, जसा झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना हात येतो तसा, आणि तो अडला की थोडा वेळ तसाच धरून ठेवायच्या. मे महिन्यात शाळा बंद होती, तरी सर किल्ली घेऊन आले. रिकाम्या वर्गात दोघांनीच मोजलं. एकशे साडेत्रेचाळीस.

"उन्हाळ्यात पोरं वाढतात," शोभाताई म्हणाल्या.

वडील मात्र आले नाहीत. दिगंबर खैरमोडे वायरमन होते. मुलीला तालुक्याला नेलं तेव्हा ते सोळा किलोमीटरवरच्या एका वस्तीत खांबावर होते, आणि कुणी निरोप्या तिथवर पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून घरात त्यांनी कल्याणीचं नाव घेतलं नव्हतं. सोमवारी बायको शाळेत निघाली की ते पायऱ्यांवर बसून पक्कड पुसत राहायचे.

वर्ग आठवीत गेला, मग नववीत, खोली तीच राहिली. कल्याणीचा कागद वर पुरेना, तेव्हा सरांनी दुसरा कागद चिकटवला. इतर मुलींच्या रेषा एव्हाना वाकू लागल्या होत्या. रुकसाना एकशे बावन्नवर थांबली होती आणि त्याबद्दल नाराज होती. नववीच्या फेब्रुवारीत शोभाताईंनी गुण्या खाली आणला तो एकशे चोपन्नवर अडला. त्यांनी तो तिथेच धरला आणि चपला काढून स्वतः शेजारी भिंतीला पाठ लावली.

"सर, माझी बघा."

सरांनी पट्टी लावून बघितली. "एकशे चोपन्न."

शोभाताई वळून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे जिथे होते तिथे दुसरे डोळे असणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शेवटी म्हणाल्या, "सर, आता बास. एवढीच राहू दे हिला."

सरांनी त्यांना बाकावर बसवलं आणि कागद मांडला. हा प्रश्न कधीतरी येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई, एका रेषेला चढ एकच असतो. ही इथून आडवी करायची म्हटली तर ती दुसरी रेषा झाली. दुसऱ्या कुणाची तरी."

"म्हणजे थांबत नाही?"

"थांबवता येतं. टोकाचा बाण खोडून तिथे ठिपका द्यायचा. मग तो रेषाखंड झाला."

"आणि पुढच्या सोमवारी?"

"पुढच्या सोमवारी गुण्या फरशीपर्यंत जाईल."

शोभाताईंनी पदराने चेहरा पुसला. "नाहीतर अशी वाढतच जाणार? मी म्हातारी होईन तेव्हा केवढी असेल?"

सरांनी हिशेब केला आणि आकडा सांगितला नाही. त्यांना तो लाल पेन्सिलीचा बाण आठवत होता. बिंदूंवर थांबलं असतं तर चाललं असतं. मुलीचं कौतुक करायच्या भरात आपण रेषा पुढे ओढली, ही गोष्ट त्यांनी सव्वादोन वर्षं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आता ते म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. मी बाण द्यायला नको होता."

"तुम्ही बाण दिला नसता तर मला काय मिळालं असतं?" शोभाताई म्हणाल्या. "घरी विचारते. पुढच्या सोमवारी सांगते."

मार्चच्या शेवटच्या सोमवारी दिगंबर खैरमोडे बायकोबरोबर आले. वर्गाच्या दारात थांबून त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग मागच्या कागदांकडे. परीक्षा जवळ आल्यामुळे पोरं अभ्यासाला बसली होती. सरांनी गुण्या पुढे केला. दिगंबरांनी तो भिंतीला लावला, खाली आणला, आणि तो अडला. दुसरा हात त्यांनी गुण्याच्या खाली घातला. हाताला काही लागलं नाही, पण गुण्या खाली आला नाही.

"साडेचोपन्न," सर हळूच म्हणाले.

"ही म्हणते थांबवू या," दिगंबर म्हणाले. "सर, थांबवली म्हणजे ती परत एकदा जाणार ना?"

सरांनी मागच्या भिंतीवरच्या बाणाकडे बघितलं.

"एकदा गेली तेव्हा मी नव्हतो. आता मी हजर असताना जायला नको."

"अहो, पण केवढी होईल ती," शोभाताई म्हणाल्या. "माझी म्हणून ओळखायला तरी येईल का?"

"नाही आली तर नाही आली. आपण सोमवारी यायचं." मग सरांकडे वळून ते म्हणाले, "असू द्या तो बाण."

सरांनी बिंदू मांडायला पेन्सिल त्यांच्या हातात दिली. वायरमनला आलेख वाचता येत होता. त्यांनी बोटाने आडवा अक्ष धरला, उभा धरला, आणि जिथे दोन बोटं भेटली तिथे बिंदू दिला.

पुढच्या वर्षी रुकसानाचा वर्ग दहावी होऊन शाळेतून गेला. तेहेतीस कागद सरांनी ज्याचे त्याला देऊन टाकले. कल्याणीचा भिंतीवर राहिला. नव्या सातवीतली मुलं पहिल्या सोमवारी बिचकायची, दुसऱ्या सोमवारी तिच्यासाठी रांगेत जागा सोडायची. एवढ्या वर गुण्या सरळ धरणं शोभाताईंना जमेना झालं, तेव्हा दिगंबर मोजू लागले. सहाव्या वर्षीच्या जूनमध्ये ती एकशे अडुसष्ट झाली, म्हणजे वडिलांएवढी. त्या दिवशी दिगंबर शाळेतून निघाले ते थेट घरी गेले नाहीत, संध्याकाळपर्यंत कालव्याच्या काठाने चालत राहिले. पुढच्या सोमवारी त्यांनी घरून स्टूल आणलं.

शोभाताईंना आता भिंतीसमोर उभं राहून नेमकं कुठे बघावं ते कळत नसे. त्या मान वर करायच्या आणि मानेला रग लागली की खाली करायच्या. एकदा घरी जाताना त्या सरांना म्हणाल्या, "अंगणवाडीत पोरं उचलून घेते ना, तर वजन हाताला लागतं. हिची नुसती उंचीच मिळाली बघा." सर त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले.

आठव्या वर्षी ऑक्टोबरात कल्याणी एकशे ब्याऐंशी भरली. आकडा सांगून झाल्यावर शोभाताईंची नजर शेजारच्या दारावर गेली.

"सर, हे दार केवढं आहे?"

सरांनी मोजलं. "एकशे त्र्याऐंशी."

"दोनच महिने," त्या म्हणाल्या. "मग आत येताना डोकं आपटेल तिचं."

ती दारातूनच आत येते का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण बाकीची मुलं दारातूनच येत होती, आणि तिने दुसरीकडून यावं असं काही कारण नव्हतं. सर त्याच पावली पाटणे बाईंकडे गेले. बाईंनी फाइल काढली, जुन्या पत्राचा संदर्भ दिला आणि चौकट उंच करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी रवाना केला. सरांची निवृत्ती मे महिन्यात होती. त्याआधी हे काम होईल असं त्यांना वाटत नव्हतं, पण मंजुरी नोव्हेंबरातच आली.

गवंडी दामू लोहकरे रविवारी सकाळी आला. सर होते, दिगंबर आणि शोभाताईही होते. दामूने जुनी चौकट ठोकून बघितली, वर नजर टाकली.

"किती वाढवायची?"

सरांनी खिशातून कागद काढला. "वीस वर्षांनी तीनशे दोन होतील. त्यापुढेही वाढ आहे."

"तीनशे दोन म्हणजे जवळजवळ दहा फूट," दामू म्हणाला. "मग छतापर्यंतच नेतो. पण सर, शाळेच्या वर्गाला एवढं दार कशाला?"

"आमची मुलगी आहे वर्गात," शोभाताई म्हणाल्या.

दामूने त्यांच्याकडे बघितलं, मग दिगंबरांकडे. कानावरची पेन्सिल काढून तो म्हणाला, "एवढी उंच होणार?"

"होणार," दिगंबर म्हणाले.

दामूने शिडी दाराला लावली, वर चढून छताखाली आडवी खूण केली, आणि छिन्नी मागितली. दिगंबरांनी ती त्याला वर दिली.