रेवतकर काका आणि बिनबहाराचं झाड

बारावीच्या निकालाचा पेढा आमचे रेवतकर काका कधीच लगेच तोंडात टाकत नाहीत. तळहातावर ठेवतात, चष्म्यावरून पोराकडे बघतात आणि विचारतात, "बहार कधी?" उत्तर पटलं तर पेढा पोटात जातो, नाहीतर परत डब्यात. फॅशन डिझायनिंगला निघालेल्या एका मुलाचा पेढा असा परत गेलेला मी स्वतः पाहिला आहे.

काका मनीषनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एका बँकेत त्यांनी उभी हयात शैक्षणिक कर्जं मंजूर करण्यात घालवली, आणि नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. या दोन्हींची त्यांच्या डोक्यात अशी काही सरमिसळ झाली, की त्यांच्या लेखी प्रत्येक डिग्री म्हणजे एक कलम. लावायला किती लागले, पाणी किती वर्षं घालायचं आणि पहिला बहार कधी येणार, एवढंच बघायचं. हिशेब मांडायचा तो जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं.

दातांची डॉक्टर होऊ घातलेल्या एका मुलीला ते म्हणाले होते, "कलम महाग, जागा महाग, अन् त्याच गल्लीत अजून चार बागा. पाहून घे वं." एका रिसेप्शनला तर स्टेजवर चढून, फोटो निघत असताना, त्यांनी नवरदेवाला विचारलं, "एज्युकेशन लोनचे हप्ते किती राहिले गा?" मुलीचे वडील शेजारीच उभे होते. तो फोटो अल्बममध्ये लावला की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अशा माणसाकडे मी माझ्या मुक्ताला नेलं, त्यात माझा भित्रेपणा होता. तिला इतिहासात बी.ए. करायचं होतं, तेही दिल्लीकडच्या एका खाजगी विद्यापीठात. कर्ज निघत होतं बारा लाख. धंतोलीत माझं औषधांचं दुकान आहे, पण ते काही मोठं नाही. एवढं कर्ज त्याला झेपणारं नव्हतं. तरी लेकीला नाही म्हणवत नव्हतं. म्हटलं, काका म्हणतील. त्यांना सवय आहे.

काकांनी पत्रिका उलटी केली. "बारा लाख, व्याज वेगळं. पगार सुरुवातीले किती?"

मुक्तानं चौकशी करून ठेवली होती. खरा तो आकडा सांगितला.

"अर्ध्याच्या वर पगार हप्त्यातच जाईन. बिनबहाराचं झाड आहे हे. काहून लावून राहिली?"

"काका, तुमच्या भागात शेतांमध्ये दगडांची मोठाली वर्तुळं आहेत," मुक्ता म्हणाली. "खाली हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली आहेत. सोबत भांडी, कुऱ्हाडी, घोड्याचे दागिनेसुद्धा. ही घोड्याला नटवणारी माणसं कोण होती, ते मला शोधायचंय."

काकांची पेन्सिल थांबली.

"माह्या वावरात आहे एक रिंगण," ते म्हणाले. "सुहासलेही हेच शिकाचं होतं."

सुहास हा त्यांचा एकुलता एक मुलगा. हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे, एवढंच मला माहीत होतं.

"बारावी झाल्यावर तोही असाच बसला होता, इथंच. मी हिशेब मांडून देला. वाद नाही घातला त्यानं. पत्रिकेची घडी केली अन् खिशात ठेवली. इंजिनिअर झाला, मुदतीच्या आधी कर्ज फेडलं. हिशेब बरोबरच होता माहा." काका पेन्सिलीचं टोक बघत राहिले. "दर रविवारी फोन करते. जेवले का, गोळी घेतली का. मी म्हणतो, हो. मंग बोलाले काही राहतच नाही."

काकू गेल्यापासून हा माणूस वर एकटा राहतो आणि आम्ही त्याच्या पेढ्यांचे किस्से सांगून हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

काकांनी दुसरी पत्रिका घेतली. "बारा लाखाचं कलम नको घेऊ. बी.ए. इथंच कर, सरकारी कॉलेजात, फी जेमतेम आहे. बाहेर जाचं ते एम.ए.ले. तेव्हा थोडं कर्ज काढ, जामीन मी राहतो. पगार कमीच राहीन, खोटं नाही सांगत. पण हप्ता लहान असला तर कमी पगारातही माणूस आपल्या मनाचं करू शकते." मुक्ता हिरमुसली, मग पत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली. त्याच आठवड्यात तिनं इथल्या कॉलेजचा फॉर्म भरला.

पुढच्या रविवारी काका, मुक्ता आणि मी त्यांच्या बागेत गेलो. धुऱ्याजवळ, बांधाच्या कडेला, ते रिंगण होतं, गुडघ्याएवढे काळे दगड आणि मध्ये वाढलेलं गवत. मुक्ता भान हरपून फिरत होती. तेवढ्यात सुहासचा फोन आला. काकांनी सवयीनं स्पीकर लावला. जेवण झालं, गोळी झाली. फोन ठेवायची वेळ आली तसा काकांनी घसा साफ केला.

"रिंगणात उभा आहो गा मी."

पलीकडून सुहास म्हणाला, "दगड सगळे आहेत ना, बाबा? तेवीस होते."

मुक्तानं मोजले. बावीस भरले. पुन्हा मोजले, तरी बावीसच.

काका विहिरीकडे बघत होते. तिथं मोटरपंपाखाली एक काळा, रुंद दगड बसवलेला होता.

"तू इंजिनिअरिंगले गेला, त्या साली नवी मोटर घेतली," ते फोनमध्ये म्हणाले. "बैठकीले बरा दगड पाहिजे होता. मले काय मालूम गा..."

सुहासनं फोन ठेवला नाही.

"त्याच्या जागेवर नेऊन ठेवतो. पण माह्या एकट्याच्यानं नाही उचलत."

मी होतो, मुक्ता होती, बागेतले दोन गडी झाडाखाली बसले होते. मोटर बाजूला करून दगड आम्ही सहज उचलला असता. पण मी गप्प राहिलो आणि मुक्ताचाही हात दाबला.

काकांनी फोन तोंडाच्या अगदी जवळ नेला.

"तू कवा येशीन?"