कोऱ्या पुस्तकांचा वैरी

स्वच्छ पुस्तक दिसलं की आमच्या शिंदखेड्याच्या रघुनाथनानांचं डोकं फिरतं. नाना माझे शेजारी. कुणाच्याही घरी गेले की आधी पोरांची गोष्टींची पुस्तकं मागवतात, पानं चाळतात आणि तेलाचा डाग सापडला नाही की यजमानावरच उखडतात, "कोनी हात लावा नही याले! पूजाले ठेयेल शे का?" चहाला उकळी यायच्या आत भांडण पेटलेलं असतं.

मी शाळेत शिकवतो. परवा नाना तिथेही आले. वऱ्हांड्यात आमचं काचेचं कपाट आहे. आत गोष्टींची पुस्तकं, बाहेर कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तपासणीला साहेब आले की कपाट उघडतं, फोटो निघतो, पुन्हा बंद. नाना कडाडले, "खोला ते!"

"पोरं खराब करतात हो, नाना," मुख्याध्यापक सर म्हणाले.

"खराब व्हवाकरताच छापेल शेतस!"

मला मनातून बरं वाटलं. त्या कुलपाचा मलाही संताप येतो. पोरं वाचत नाहीत म्हणून पालकसभेत गळे काढायचे आणि किल्ली खिशात ठेवायची, ही कुठली रीत? पालक तरी काय, गोष्टीचं पुस्तक दिसलं की म्हणतात, आधी अभ्यास कर.

सरांनी किल्ली काढली नाही. नाना तणतणत पायरीवर बसले आणि पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. मधली सुट्टी होती. पाचवीतली वैशाली भरीत-भाकरी खाता खाता जवळ आली, तिनं हात पुढे केला.

"आधी हात धू!" सर ओरडले. पोरगी दचकून मागे सरली.

नाना ताडकन उठले. त्यांनी पुस्तक उघडून सरांपुढे धरलं. पानांच्या कडांवर पिवळट बोटं उमटली होती. "हाई अक्कानं बोट शे."

अक्का म्हणजे नानांची बायको. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटायला जमल्या की अक्का लाटणं बाजूला ठेवून त्यांना गोष्ट वाचून दाखवायच्या, तशाच तेलकट हातांनी. त्या वारल्यापासून नाना हे पुस्तक कुणाच्या हाती देत नव्हते.

त्यांनी ते वैशालीच्या हातात ठेवलं. तिनं पान उलटलं, आणि अक्कांच्या बोटाशेजारी भरिताचा ओला डाग उमटला. आता नाना ओरडणार, असं मला वाटलं.

नानांनी वाकून तो डाग पाहिला.

"घर लई जा," ते हळूच म्हणाले. "जेवता जेवता वाच."

आणि रिकामी पिशवी काखेत मारून ते घराकडे निघाले.