आगाशेकाकांचा न चाखलेला खिमा

आगाशेकाकांनी जन्मात कधी मांस तोंडात घातलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात त्यांच्यासारखा खिमा कुणालाही जमत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याला काका हाताला धरून गराजमध्ये नेतात.

गराजमध्ये गाडी नाही. गाडी बिचारी बारा महिने बाहेर असते आणि हिवाळ्यात काका रोज सकाळी तिच्यावरचा बर्फ खरवडत बसतात. आत एक लांब टेबल, विजेची शेगडी, वजनकाटा, भिंतीला मोठा पंखा आणि लाल टेप लावलेली भांडी. लाल टेपचं भांडं घरात जायचं नाही हा नियम. त्या टेपचं रीळसुद्धा घरात जात नाही, इतका तो नियम कडक आहे.

"पण काका, चव न घेता तुम्हाला कळतं कसं?" हा प्रश्न शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मीही विचारला होता. काकांनी चष्म्यावर चढवलेला प्लास्टिकचा गॉगल कपाळावर सरकवला.

"स्मिता, मी चौतीस वर्षं औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. लाखो गोळ्या पास केल्या. त्यातली एक तरी खाऊन बघितली का?"

"नाही."

"लोक बरे झाले की नाही?"

"झाले असतील."

"सिद्ध झालं!"

'सिद्ध झालं' हे काकांचं आवडतं वाक्य. बर्फ पडणार म्हटलं आणि पडला, की सिद्ध झालं. मुलीने फोन उचलला नाही, की ती मीटिंगमध्ये आहे हे सिद्ध झालं. वादात माझ्या नवऱ्याला, समीरला, ते दिवसाकाठी दोनदा तरी हरवतात. समीर नागपूरचा आहे आणि सावजी रश्श्यावर वाढलेला आहे. काकांचा खिमा टर्कीचा असतो म्हटल्यावर त्याने आधी नाक मुरडलं होतं. "काका, टर्कीला काय चव असते यार? थँक्सगिव्हिंगला खाल्ली होती, कापूस चावल्यासारखं वाटलं." काकांनी डबा पुढे केला. समीरने डबा संपवला, पोळीने पुसला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आता खरी गंमत. काकांच्या टर्कीच्या खिम्यात निदान पाच भाज्या असतात आणि त्यातली एकही दिसत नाही. दुधी किसून, पिळून. गाजर इतकं बारीक की ते तेलात रंगासारखं उतरतं. मशरूम खिम्याच्याच आकाराचे कापून, परतून तपकिरी करून. फ्लॉवर, पालक, झुकिनी आळीपाळीने. ही नुसती लपवाछपवी नाही, यातच त्यांच्या न चाखण्याचं गुपित आहे. काका आधी फक्त भाज्या शिजवतात, पण मीठ-मसाला घालतात तो सगळ्या पातेल्याचा. मग त्या भाज्यांची चव घेतात. "जीभ म्हणाली पाहिजे की हे फार खारट आहे. नुसतं खारट नाही, फार खारट. तिथे थांबायचं." मग चूळ भरायची, हातमोजे चढवायचे, मान जराशी वळवायची आणि टर्की पातेल्यात सोडायची. पावभाजीचं मॅशर घेऊन दाणा मोकळा होईपर्यंत दाबायची. पंचवीस मिनिटांत जेवण तयार.

मी हे करून पाहिलं. पहिल्यांदा भाजी 'फार' ऐवजी नुसतीच खारट झाली आणि खिमा अळणी. दुसऱ्यांदा उलट. आमच्या घरात पाणी पिण्याचा उच्चांक झाला. काकांना सांगितलं तर ते खूश झाले. त्यांना मनापासून वाटतं की जगात हे काम आपल्या एकट्यालाच जमतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आता तसंच वाटतं.

खिमा फक्त बुधवारी आणि शुक्रवारी होतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि रविवारी मुलगी एडिसनहून येते, ती व्हीगन आहे. "मी देवभोळा नाही," काका सांगतात, "पण रिस्क कशाला घ्यायची?" बुधवारी संकष्टी आली तर त्या आठवड्यात एकच पातेलं. बुधवारी पोळीबरोबर, शुक्रवारी पास्त्यावर. पास्त्यातही जिरं असतंच.

इथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला काकांनी एक टेबल मांडलं होतं. टाकोमध्ये खिमा भरून द्यायचा आणि समोरच्याने आत कोणत्या भाज्या आहेत ते ओळखायचं. त्या दिवशी सात होत्या. कुणी कांदा म्हणालं, कुणी टोमॅटो. एका मुलाने फार आत्मविश्वासाने बटाटा सांगितला. दुधी कुणालाही सापडला नाही. पुण्याचा नुकताच आलेला एक आयटीवाला म्हणाला, "काका, रेसिपी शेअर करा ना."

"रेसिपी नाही ती. प्रोटोकॉल."

"बरं, प्रोटोकॉल शेअर करा."

"प्रोटोकॉल कंपनीच्या बाहेर जात नाही," काका म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच तो अकरा जणांना सविस्तर समजावून सांगितला.

आमची अन्वी आठ वर्षांची आहे आणि डाळीतली कोथिंबीर ती दुसऱ्या खोलीतून ओळखते. ती एकदा काकांना म्हणाली, "आय लव्ह युअर टर्की. इट हॅज नो व्हेजिटेबल्स. आय चेक्ड." काकांनी ते वाक्य मंडळातल्या प्रत्येकाला ऐकवलं. अमेरिकन अ‍ॅक्सेंटसकट.

हे सगळं कुणासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं.

सुलभाकाकू अलिबागच्या. माहेरी ताटात मासळी नसली तर कुणाला तरी बरं नाही की काय अशी चौकशी व्हायची. लग्न करून आगाशांकडे आल्या आणि बेचाळीस वर्षं वरण, भात, भाजी, कोशिंबीर. दीड वर्षापूर्वी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण जेवणावरचं मनच उडालं. समोर ठेवलं तर दोन घास, आग्रह केला तर तेही नाहीत. वजन उतरत गेलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, प्रोटीन हवं, मटण-बीफ नको, बाकी त्यांना आवडेल ते द्या, पण खाल्लं पाहिजे. असंच चाललं तर पुन्हा ॲडमिट करून नळीने द्यावं लागेल.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर काकांनी विचारलं, "काय खावंसं वाटतं?"

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खिमा."

हे मला काकांनीच सांगितलं, दुधी किसता किसता. "मी कधी बंदी केली नव्हती हं," ते म्हणाले. त्यांनी दुसरा दुधी हातात घेतला. "पण बेचाळीस वर्षांत कधी विचारलंही नव्हतं."

मग भाज्या कशाला? तर पोट साफ राहायला भाज्याही हव्यात असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, आणि काकू ताडकन म्हणाल्या होत्या, "बेचाळीस वर्षं तुमचा दुधी खाल्ला. आता मला भाजी दाखवू नका." काकांनी त्या वाक्याचा दोन दिवस विचार केला. "दाखवू नका म्हणाली," त्यांनी मला समजावलं, "खायला घालू नका असं म्हणाली नाही."

एवढं करून काकू खायच्या किती? तीन चमचे. मी कितीतरी बुधवारी तिथे बसून पाहिलंय. काका गराजमधून वाडगा झाकून आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि वास सहन होत नाही म्हणून दाराशी जाऊन उभे राहायचे. पण मान इकडेच. काकू एक चमचा खायच्या, दुसरा, मग जरा थांबून तिसरा. मग चमचा खाली.

"कसा झालाय?"

"ठीक आहे."

साऱ्या पार्सिपनीने वाखाणलेल्या माणसाला घरात 'ठीक आहे'च्या वर मार्क मिळत नव्हते. काकांना त्याचं वाईट वाटत असेल असं वाटायचं, पण ते लगेच गराजमध्ये जायचे, उरलेला खिमा डब्यांत भरायचे आणि वाटायला निघायचे. बुधवारचा मोठा डबा आमचा. डब्यावर टेप, टेपवर बॅच नंबर. दारात उभं राहून पाच मिनिटं स्वतःच्या खिम्याची तारीफ. मी समीरला म्हणायचे, काकांना कौतुकाचं व्यसनच लागलंय. बायको इतकी आजारी आणि हे गावभर डबे वाटत फिरतात. हे मी बोलले होते, आणि एकदा नाही, बरेचदा बोलले होते.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारची गोष्ट. दुपारपासून बर्फ पडत होता. पुढच्या सोमवारी काकूंची तपासणी होती आणि वजन आणखी उतरलेलं दिसलं तर ॲडमिट करायचं असं ठरलं होतं. सहाच्या सुमारास काका डबा घेऊन आले. त्या दिवशी तारीफ केली नाही. "गरम आहे तोवर खा," एवढंच म्हणून गेले. मी पोळ्या टाकल्या, अन्वीला वाढलं, समीर कॉलवर होता.

पंधरा मिनिटांत बेल वाजली. दार उघडलं तर काका. अंगात जॅकेट नाही, गॉगल कपाळावर, पायात फक्त मोजे, आणि मोज्यांना बर्फ चिकटलेला.

"स्मिता, तो डबा संपला का?"

"काका, काय झालं? काकू ठीक आहेत ना?"

"डबा संपला का, ते सांग."

"नाही, अजून—"

"मग परत दे." श्वास लागला होता त्यांना. "ती अजून मागतेय."

मला क्षणभर कळलंच नाही.

"अगं, तुला डबा देऊन घरी गेलो, तर वाडगा संपवला होता तिने. पुसून संपवला. आणि म्हणाली, अजून वाढा. आणि पातेल्यात काही नाही. मी घासून पालथं घातलंय." त्यांनी दाराची चौकट धरली. "तीन चमच्यांनंतर ते भरलेलं पातेलं बघवत नाही गं मला. म्हणून लगेच वाटून टाकतो. आज पण वाटून टाकलं. आज सुद्धा."

आजवरचे सगळे बुधवार माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि मी समीरला जे जे बोलले होते तेही. मला माझीच लाज वाटली. ज्याला मी मिरवणं म्हणत होते, ते त्या माणसाचं तोंड लपवणं होतं.

मी आत धावले. डब्यात अर्ध्याहून जास्त होतं. अन्वीने सगळं ऐकलं होतं. तिने आपली ताटलीही पुढे सरकवली. "काकू कॅन हॅव माइन टू."

"तुझं तू खा, बाळा," काका दारातूनच म्हणाले. "उष्टं नाही चालणार तिला. पण थँक यू हं."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. आजवर या माणसाला मी फक्त देताना पाहिलं होतं. रिकाम्या डब्यात आपण काही घालून परत केलं तरी ते कुरकुरायचे. पण दिलेली वस्तू इतक्या ताठ मानेने परत मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी बावळटासारखी रडायला लागले.

ते निघालेसुद्धा. मोज्यांनीच, बर्फातून, डबा छातीशी धरून. मी समीरचे बूट उचलले आणि तशीच मागे पळाले. "काका, पाय! काका, थांबा, घसराल!" ते थांबले नाहीत. त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि स्वयंपाकघरातला दिवा बाहेरच्या बर्फावर पडला होता. आम्ही पायऱ्यांपाशी पोचतोय तोच आतून काकूंचा आवाज आला. तो आवाज इतका मोठा मी कधीच ऐकला नव्हता. चांगल्याच चिडल्या होत्या.

"अहो, कुठे गेलात? किती वेळ? मला भूक लागलीये!"

काका पहिल्या पायरीवर थांबले. माझ्याकडे वळले. ओले मोजे, लाल झालेलं नाक, कपाळावर गॉगल, आणि चेहरा असा की सारं गाव त्या क्षणी तिथे गोळा झालं असतं तरी त्यांना कमीच वाटलं असतं.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

"ऐकलं, काका," मी म्हटलं. "जा आता, वाढा त्यांना."