यह अवकाश वह अवकाश नहीं है

अवकाशात आवाज पोचत नाही, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. आणि तिथे शास्त्रीय संगीताशिवाय भागत नाही, हे सिनेमाने. यान कुठल्याही देशाचे असो, दोर तुटून माणूस एकटा तरंगू लागला की मागे आलाप लागतो. (दोर शाबूत असल्यास तबला चालतो.)

जबलपूरच्या एका सरकारी कार्यालयात बाबू असलेल्या बळीरामला हा नियम पोस्टाने कळला. बडा फुहारा या गजबजलेल्या चौकामागच्या दोन खोल्यांत त्याने बावीस वर्षे ख्यालाचा रियाज केला होता. एकूण श्रोते पाच : पत्नी अंजनी आणि चार शेजारी. पैकी तक्रारदार, चार. सिनेमा काढणाऱ्या नागपूरच्या वसुधाबाईंनी लिहिले होते, "अवकाशासाठी तीन मिनिटे मारवा हवा. रेकॉर्डिंग गुरुवारी, नागपुरात." मारवा हा राग खरा संध्याकाळचा; पण अवकाशात संध्याकाळ कुणी ठरवायची, असा विचार करून बळीरामने ती अडचण स्वतःच्या अधिकारात निकालात काढली.

बळीराम घरी मराठीत विचार करी आणि कार्यालयात हिंदीत लिही. त्या दिवशी घाईत दोन्ही एकाच कागदावर आले : "मुझे अवकाश के लिए संगीत देना है, अतः तीन दिन का अवकाश दिया जाए।"

बडे बाबू भैयालालजी यांनी अर्ज तीनदा वाचला. अवकाश म्हणजे छुट्टी, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठ होते.

"बळीराम जी, छुट्टी में गाते बहुत देखे. छुट्टी के लिए गाने वाला पहली बार देखा."

"नहीं साहब, ये अवकाश वो अवकाश नहीं है."

भैयालालजी न्यायी गृहस्थ होते. त्यांनी फायलीवर जसेच्या तसे नोंदवले : "आवेदक का स्वयं कथन है कि यह अवकाश वह अवकाश नहीं है।" किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा यांपैकी कोणती रजा गाऊन मिळते, यावर फाईल चार टेबले फिरली. बुधवारी दुपारी आदेश निघाला : "आवेदक ने दो अवकाश माँगे हैं। एक स्वीकृत, एक अस्वीकृत।" कोणता कोणता, ते लिहिले नव्हते.

बळीराम आदेश घेऊन घरी आला आणि पेटीशेजारी मटकन बसला. गेला तर नोकरी जाणार, न गेला तर मारवा.

"काहून भिऊन राहिले जी?" अंजनीने त्याची पिशवी भरली. "जो मंजूर झाला, तोच घेऊन चाललो म्हना. बावीस वर्षं मी एकटीच ऐकून राहिली. आता लोकायले ऐकू द्या."

बळीराम गेला आणि गाऊन आला.

वर्षभराने गावातल्या मराठी मंडळींनी रविवारी सकाळी तो सिनेमा लावला. थिएटर भरले. फायलीचा निकाल लावायला भैयालालजीही आले. पडद्यावर दोर तुटला, पृथ्वी लहान होत गेली आणि मारवा सुरू झाला. मारव्यात षड्ज, म्हणजे घराचा सूर, गवई लवकर हाती लागू देत नाही. बळीरामनेही दिला नव्हता. त्याने तो तिसऱ्या मिनिटासाठी राखून ठेवला होता.

पहिल्या मिनिटात प्रेक्षकांच्या लक्षात आले की काहीच घडत नाही आहे. दुसऱ्यात खुर्च्या वाजल्या. तिसऱ्यात बाहेर समोसे गरम होते. षड्ज लागला तेव्हा आत तिघेच होते : बळीराम, डोळ्याला पदर लावलेली अंजनी आणि भैयालालजी.

"अच्छा," भैयालालजी हळूच म्हणाले, "तो ये वाला अवकाश था." रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून त्यांनी पुढे विचारले, "और वो वाला इन सबको किसने मंजूर किया?"

सिनेमा संपल्यावर सगळ्यांनी बळीरामचा हात हातात घेऊन मारव्याची तारीफ केली. त्याचा हात तेलकट झाला. यात सर्वांत मन लावून बोललात ते, वाचकहो, तुम्ही. तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होते. समोशातली मिरची त्या दिवशी जरा तिखटच होती.