रोवनसाठी तीन धिरडी

शनिवारी सकाळी सिरिल मेचिनने दुकान उघडलं नाही, एवढंच झालं. बाकी सगळं इंग्लंडातल्या त्या बर्स्लेम गावच्या लोकांनी केलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडची खिडकी वर सरकवायची, आत भल्यामोठ्या लोखंडी तव्यावर ओटच्या पिठाची आंबवलेली धिरडी घालायची आणि गरमगरम बाहेर द्यायची. एक्केचाळीस वर्षं ती हिल्डाने घातली. फेब्रुवारीत हिल्डा गेली आणि तिच्या जागी सिरिल उभा राहिला. गिऱ्हाइकं तुटली नाहीत, पण पूर्वी जी पहिला घास घेताच खिडकीतून काहीतरी बोलत, ती आता नुसती मान हलवून जाऊ लागली.

दुकान बंद ठेवण्याचं कारण रोवन होती. मुलीची, जॅनिसची, सोळा वर्षांची लेक. गव्हाचा कण पोटात गेला तरी तिची आतडी सुजत. त्यात दोन वर्षांपूर्वी तिने दूध, लोणी, मांस सगळंच सोडलेलं. हिल्डाच्या धिरड्यात ओटबरोबर गहू, पाण्याबरोबर दूध, आणि तवा डुकराच्या चरबीने पुसलेला. म्हणून नात आली की हिल्डा तिला संत्रं सोलून देई. सगळ्या गल्लीला खाऊ घालणारी बाई, आणि स्वतःच्या नातीला संत्रं. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ती सिरिलला म्हणाली होती, "त्या पोरीच्या पोटात माझ्या तव्यावरचं काहीच गेलं नाही रे."

मंगळवारी मायलेकी कायमच्या कॅनडाला निघणार होत्या. शनिवारी अकरा वाजता निरोप घ्यायला येणार होत्या.

सिरिल हट्टाला पेटला. शुक्रवारी दुपारीच त्याने गव्हाची पोती मागच्या शेडमध्ये टाकली, भिंती पुसल्या, फळ्या धुतल्या, कपाटाच्या बिजागऱ्या दातांच्या ब्रशने घासल्या. वेगळ्या गिरणीत दळलेलं, सीलबंद ओटचं पीठ त्याने मागवून ठेवलं होतं. राहिला तवा. रोवननेच फोनवर सांगितलं होतं की जुन्या लोखंडात पीठ मुरलेलं असतं. सिरिलने तवा परसात नेला आणि वाळू नि तारेचा ब्रश घेऊन संध्याकाळपर्यंत घासला. वर्षानुवर्षांचा काळा थर गेला आणि खालून पांढरंफटक लोखंड निघालं. त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी त्याला कळलं की उघडं पडलेलं लोखंड पिठाला धरून ठेवतं, सोडत नाही. वर गहू नसल्यामुळे पिठाला चिकटा नाही. पहिलं धिरडं तव्यावरच राहिलं. दुसरं कालथ्यावर दोन तुकडे होऊन आलं. त्याने जवस भिजवून पिठात घातलं, तेल वाढवलं, पीठ घट्ट केलं, पातळ केलं. एवढ्यात बाहेर नेहमीची माणसं जमू लागली. काचेला नाकं लावून कोणी बघू नये म्हणून सिरिलने पुढच्या खोलीचा जाड पडदा ओढून घेतला.

त्या गल्लीत पुढच्या खोलीचा पडदा दिवसा ओढला जातो तो एकाच कारणासाठी: घरात कोणी गेलं तर. सिरिलला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मागच्या वेळी, फेब्रुवारीत, तो पडदा शेजारच्या बेरिल टॅम्सने ओढला होता. ही बायकांनी करायची कामं. त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बेरिलने दार ठोठावलं. सिरिलला वाटलं, गिऱ्हाईक. तो श्वास रोखून उभा राहिला. तिने पुन्हा ठोठावलं. तो आणखी गप्प राहिला. बेरिल खाली वाकून दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बघून आली, पाच मिनिटं पायरीवर बसली आणि मग जॅनिसला फोन करून सांगितलं की बाबा गेले, झोपेतच गेले असावेत. त्यानंतर तिने हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, उकडायला टाकलं. मयताच्या जेवणात हॅम नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. आणि त्या गल्लीतल्या लोकांची वयं पाहता बेरिलच्या फ्रीजमध्ये एक हॅम नेहमी तयारच असे. बाकीच्यांनी आपापल्या घरून केक, पॅटिस, सँडविचं काढली.

अकरा धिरडी फाटल्यावर तीन अखंड उतरली. सिरिलने ती ताटलीत ठेवून वर वाडगा पालथा घातला. तेवढ्यात दार वाजलं. त्याने पळी हातात घेऊनच उघडलं.

दारात जॅनिस, डोळे सुजलेले. मागे रोवन. तिच्या मागे बेरिल, हातात हॅमचं थाळं, आणि तिच्या मागे काळ्या कपड्यांतली अख्खी गल्ली.

"बाबा," जॅनिस म्हणाली, "तुम्ही गेलात ना?"

"कुठे?"

जॅनिस त्याच्या गळ्यात पडली आणि पुन्हा रडू लागली. लोकांना हायसं वाटलं आणि हायसं वाटलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं: केक, पॅटिस, सँडविचं घेऊन सगळे आत घुसले. मरायचंच नव्हतं तर पडदा कशाला ओढलास, असं बेरिल त्याला दारामागच्या अरुंद बोळातच विचारू लागली. सिरिल मागे मागे सरकत दुकानाच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"कोणी आत यायचं नाही. तुम्ही सगळे नखशिखांत गव्हाने माखलेले आहात."

माणसं थांबली. बेरिल मात्र त्याच्या खांद्यावरून आत बघत होती.

"तवा घासलास?" ती हळूच म्हणाली. "सिरिल, चाळीस वर्षांची काळी कमाई होती रे ती. हिल्डालाच घासून काढलंस की."

कालपासून सिरिल हीच गोष्ट मनात येऊ देत नव्हता. त्याचे हात आपोआप खाली आले.

रोवन त्याच्या बाजूने आत गेली. तिने कोपरापर्यंत हात धुतले, वाडगा उचलला आणि उभ्याउभ्याच एक धिरडं मोडलं. मोडायचीही गरज नव्हती, ते आपलं आपणच मोडत होतं. तिने तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. ओला पुठ्ठा चावायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

"आजीचं असंच असायचं, आजोबा?"

बोळातले सगळे सिरिलकडे बघू लागले. हो म्हणावं, तर हिल्डाची एक्केचाळीस वर्षं पाण्यात. नाही म्हणावं, तर पोरगी विमानात बसणार ती हेच घेऊन, की जे होतं ते तिला कधी मिळणार नाही.

"अगदी असंच," सिरिल म्हणाला.

रोवनने घास गिळला. तिचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं. मला आयुष्यभर वाटायचं, मी फार मोठ्या गोष्टीला मुकले." आणि तिने दुसरं उचललं.

बेरिलने तोंड उघडलं. सिरिलने तिच्याकडे पाहिलं. आठवड्याचे सहा दिवस हिल्डाच्या धिरड्यावर जगलेल्या बेरिलने थाळं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

"मीठ तर ती कधीच धड घालत नसे," ती म्हणाली.

"चिवटही व्हायचं जरा," मागून कोणी म्हणालं.

"आम्ही आपले शेजारी म्हणून घ्यायचो."

त्या गल्लीत हिल्डाच्या हाताबद्दल वाकडा शब्द आजवर कोणी काढला नव्हता. आता एकेकजण घसा खाकरून, डोळे पुसून, काही ना काही नावं ठेवत होता. पोरगी तिसरं धिरडं खात होती, आणि सिरिल दाराच्या चौकटीला टेकून प्रत्येकाला मान डोलावत होता.