गौसची शांत झोप

हॉटेलातल्या माणसांना ताण असतो, हा शोध मालक राजशेखर यांना लागला तो वेटर ईरप्पानं गिऱ्हाइकाच्या मांडीवर आमटी सांडली तेव्हा. मग काय, लगेच पुण्याहून ताण घालवणाऱ्या मॅडम आल्या. शिबिराची वेळ शनिवारी दुपारची, म्हणजे नेमकी वेटरांच्या जेवणाची!

"मॅडम सांगतील ज्याला लई ताण हाय, त्याला उद्या सुट्टी," मालकांनी जाहीर केलं.

ती सुट्टी वेटर गौसला हवीच होती. त्याच्या पोरीला, अर्शीला करमाळ्याचं स्थळ आलं होतं. पाहुणे दोनदा सोलापूरला येऊन गेले, दोन्ही वेळा गौस ड्यूटीवर. आता मुलाच्या बापाचा, हुसेनसाबचा निरोप होता : रविवारी मुलीचा बाप घरात दिसला तर सोयरीक, नाहीतर खुदा हाफिज.

मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "मनातलं चेहऱ्यावर येऊ द्या!" ईरप्पा कण्हू लागला. दुसरा वेटर चनबसप्पा तर छाती धरून असा रडला, की जणू सख्खा भाऊच गेला. गौस बिचारा दोन पाळ्या सलग ओढून आलेला. बूड टेकलं, डोळे मिटले आणि गडी घोरायलाच लागला की!

"बघा, किती शांत चेहरा!" मॅडम हरखल्या. "यांना ताण शिवलेलासुद्धा नाही."

टाळ्यांनी गौस जागा झाला, तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता आणि सुट्टी चनबसप्पाला गेली होती.

"मालक, उद्या माझ्या पोरीची बोलणी हायेत हो."

"आरं, तुला कसला ताण? मॅडम खोटं बोलत्यात व्हय? उद्या चनबसप्पाची टेबलं बी तूच बघ."

रविवारी दुपारी गौसच्या बायकोचा, जुलेखाचा फोन आला. "गेले ओ ते. चहाला बी शिवले न्हाईत." गौसनं फोन खिशात टाकला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर माणसं येऊन बसली. तो पाणी घेऊन गेला.

"बापाला पोरीपरीस नोकरी मोठी!" टोपीवाला माणूस बायकोवर कावला होता. "करमाळ्यास्नं उगाच हेलपाटा. असल्या घरात सोयरीक करायची व्हय?"

हेच ते पाहुणे, हे गौसनं ओळखलं. पण त्यानं नेहमीसारखी ताटं वाढली. पाहुणे एकाच दाढेनं चावतायत हे बघून कडक भाकरी परत नेली, मऊ आणली, शेंगाचटणीवर न मागता दही घातलं. पाहुण्यांचा राग ताटातच विरघळला.

"बघ, ह्याला म्हंत्यात माणूस," हुसेनसाब बायकोला म्हणाले. "असा सोयरा मिळायला नशीब लागतं. नाव काय भाऊ तुमचं?"

"गौस. अर्शीचा बाप."

घास हातातच राहिला. हुसेनसाबनी बायकोकडं बघितलं, मग शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"बसा की मग. आत्ताच बोलून टाकू."

गौसनं गल्ल्याकडं पाहिलं. राजशेखर इकडंच बघत होते.

"गिऱ्हाइकाजवळ बसलं की कामावरनं काढत्यात, साब," तो म्हणाला. "तुमी बोला. मी उभ्यानं ऐकतो."